मदत हवी आहे: टर्की रविवारपर्यंत राहील का? अर्जंट

होटगीरोड
मंडळी, घरात टर्की आहे. रविवारी दुपारी पाहुणे जेवायला येणार. तोपर्यंत राहील का नाही एवढंच सांगा. नेटवर कुणी दोन दिवस म्हणतंय, कुणी वर्षभर. डोकं फिरायची वेळ आली. जरा लवकर.

उनाड_पाखरू
जिवंत का कापलेली? जिवंत असेल तर दाणापाणी घाला, मजेत राहील.

होटगीरोड
कापलेलीच हो! जिवंत असती तर इथं कशाला विचारत बसलो असतो?

मीठमसाला
दादा, नेटवरचं दोन्ही खरं आहे. कच्ची टर्की फ्रीजच्या साध्या कप्प्यात १ ते २ दिवस. नीट गोठवलेली अख्खी असेल तर वर्षभर, तुकडे ९ महिने. पण तुमची कच्ची की शिजवलेली? अख्खी का? कापली कधी? फ्रीज कोणता? हे न सांगता उत्तर कसं देणार?

भुईकोट
सोलापुरात येऊन पाहुणे टर्की खाणार? काय बे हे! झणझणीत मटणाचा रस्सा करा, सोबत कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. भाकरीला तर फ्रीजही लागत नाही, डब्यात आठवडेच्या आठवडे राहते.

होटगीरोड
भुईकोट, भाकरीचं कुणी विचारलंय का? मेव्हण्यानं मोहोळकडं शेतावर पाळल्यात, त्यानंच आज सकाळी साफ करून अख्खी आणून दिली. कच्ची. साडेपाच किलो भरली. फ्रीज सिंगल डोअर. वरच्या बर्फाच्या कप्प्यात घालून बघितली, तंगड्या बाहेर येतात आणि झाकण लागत नाही. सध्या खाली भाजीच्या ट्रेवर मोठ्या पातेल्यात आहे.

सुगरण_आजी
अरे बाळा, हळद, मीठ, लिंबू चोळून ठेव. वरून दही. आमच्याकडं असंच ठेवायचे, चार दिवस काही होत नाही. आधी तीन पाण्यांनी स्वच्छ धू मात्र.

मीठमसाला
आजी, राग मानू नका. हळद-दह्यानं चव मुरते, मुदत वाढत नाही. खारवून टिकवायचं तर मीठ इतकं लागतं की ते तोंडात घालवणार नाही. आणि कच्ची टर्की नळाखाली धुतली की तिच्यावरचे जंतू सिंकमध्ये, ओट्यावर, शेजारच्या कोथिंबिरीवर उडतात. शिजवताना ते मरतातच, कोथिंबीर मात्र आपण कच्ची खातो.

सुगरण_आजी
न धुता? आमच्या घरात न धुतलेलं मांस चुलीवर चढलेलं नाही आजवर!

उनाड_पाखरू
मी आजींच्या बाजूनं. धुवायचं. वास घेऊन बघायचं, चांगला असेल तर खायचं. सोपं आहे.

मीठमसाला
वासाचा भरवसा धरू नका. सडवणारे जंतू वेगळे, आजारी पाडणारे वेगळे. साल्मोनेला भरपूर असला तरी मांसाला वास येईलच असं नाही. धुवायचंच असेल तर भांड्यात बुडवून हलक्या हातानं धुवा आणि मग सिंक साबणानं घासा.
होटगीरोड, आज गुरुवार. खालच्या कप्प्यात ती रविवारपर्यंत ठेवू नका.

होटगीरोड
मग करू काय? टाकून देऊ का साडेपाच किलो? आणि आमच्याकडं दुपारी लाईट जाते, ते राहिलंच सांगायचं.

लाईट_गेली
लाईटचं मला विचारा. सरळ इन्व्हर्टर घ्या. आमच्या भागात तर रोज

भुईकोट
रोज काय? तुमची पण गेली वाटतं.

लाईट_गेली
हो, गेली होती. फ्रीज चालायला किती मोठी बॅटरी लागते ते सविस्तर लिहितो नंतर.

मीठमसाला
इन्व्हर्टर राहू द्या. दार उघडलं नाही तर फ्रीज साधारण ४ तास थंडी धरतो. मुलांना पाण्याच्या बाटल्या माठातून घ्यायला सांगा.

आता टर्की. आजच चिकनवाल्याकडं न्या आणि सांध्यांवर तोडून घ्या: तंगड्या, मांड्या, पंख, छातीचे चार तुकडे. पिशव्यांत चपट्या करून, हवा काढून वरच्या कप्प्यात एकेक थर लावा. गोळा करून कोंबल्या तर मधलं मांस गोठायला फार वेळ लागतो. सिंगल डोअरचा कप्पा उणे १८ अंशांपर्यंत जाईलच असं नाही, म्हणून वर्षभराचं विसरा. पण रविवारपर्यंत गोठून राहिली की काम झालं.

शनिवारी सकाळी सगळ्या पिशव्या खोलगट भांड्यात घालून सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा, म्हणजे पाणी दुसऱ्या कशावर गळणार नाही. ओट्यावर वितळवू नका, तेही या मे महिन्यात! कुठला तुकडा रविवारी सकाळी मध्ये कडक लागला तर बंद पिशवीसकट गार पाण्यात बुडवा, अर्ध्या तासानं पाणी बदला. अर्ध्या किलोला साधारण अर्धा तास. तो मग लगेच शिजवायचा.

खुराडा
मेव्हण्यांकडं नर-मादी दोन्ही आहेत का? टर्कीची अंडी उबवायला २८ दिवस लागतात, कोंबडीची २१. लोक एकाच मशीनमध्ये एकदम घालतात आणि मग पिल्लं निघाली नाहीत म्हणून रडतात.

होटगीरोड
खुराडा, नंतर. मीठमसाला, शिजली हे कसं ओळखायचं? आणि रस्सा उरला तर? पाहुण्यांसोबत डबा द्यायचा विचार आहे, ते पंढरपूरला जाणार.

मीठमसाला
मांडीच्या जाड भागात, हाडाला न टेकवता थर्मामीटर खुपसला की ७४ अंश यायला हवेत. नसेल तर मांस हाडापासून सुटेपर्यंत उकळू द्या. टर्की चिकनपेक्षा निबर, वेळ लागतोच.

उरलेला रस्सा मोठ्या पातेल्यात तसाच ठेवू नका, मधला भाग तासन्‌तास कोमट राहतो. उथळ भांड्यांत काढून फ्रीजमध्ये. एरवी बाहेर २ तास चालतात, पण हवा ३२ अंशांच्या वर असेल तर १ तासच, आणि सध्या आपल्याकडं चाळिशी पार आहे. फ्रीजमध्ये ३ ते ४ दिवस. डबा द्यायचाच तर फ्रीजमध्ये गार केलेला, बर्फाच्या पेटीतून. नाहीतर शेंगाची चटणी द्या, भुईकोट खूश होतील.

सुगरण_आजी
बाहेर राहिलं तरी परत खळाखळा उकळलं की झालं!

मीठमसाला
नाही हो आजी. काही जंतू मरण्याआधी विष सोडून जातात, ते उकळूनही जात नाही.

होटगीरोड
चिकनवाला आधी कुरकुरला, मग दिली तोडून. छाती आणि मांड्या बसल्या, त्यासाठी बर्फाचा ट्रे बाहेर काढावा लागला. पंख आणि पाठ मावत नाही, ते आज रात्रीच रश्श्यात. आजी, भांड्यातच धुतलं.

खुराडा
झालं ना तुमचं? आता पिल्लं कितीला देतात ते विचारा की मेव्हण्यांना.