टोमॅटोत झेंडू, कोबीत मोहरी: ८ बाय १० फुटांत कसं बसवायचं? (इंदूर)

राजेंद्रनगरची परसबाग
घरामागे ८ बाय १० फूट जागा आहे. काळी माती, दुपारी तीनपर्यंत ऊन. सप्टेंबरअखेरीस ६ टोमॅटो, ३ वांगी, ८ कोबी लावायचे आहेत, शिवाय कोथिंबीर आणि बडीशेप. टोमॅटोशेजारी चार झेंडू असूनही गेल्या खेपेला फळांना भोकं पडली. झेंडूचा उपयोग होतो की नुसतंच बोलायला?

काळी माती
होतो, पण झेंडू कीड पळवत नाही, ओढून घेतो. फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या कळ्या-फुलांवर अंडी घालतो. भुट्ट्याचा कीस करताना कणसाच्या टोकाशी सापडते ना, ती बहुधा हीच अळी. टोमॅटो फुलायला लागेल तेव्हा झेंडू फुललेला हवा, सगळी मेख तिथे आहे. दोन्ही रोपं एकाच वयाची आणून लावली की झेंडू मागे पडतो आणि पतंगाला टोमॅटोच मिळतो.

लावताना झेंडूचं रोप ४० दिवसांचं आणि टोमॅटोचं २५ दिवसांचं असावं. म्हणजे झेंडूचं बी ऑगस्टच्या मध्यावर टाका, टोमॅटोचं त्यानंतर १५ दिवसांनी. झेंडू उंच, मोठ्या फुलाचा घ्या. नर्सरीत 'हजारा' म्हणून मागा, बुटका जाफरी नको.

आणि सापळा रिकामा करावा लागतो! दर दोन-तीन दिवसांनी फुलं उलगडून बघा. पाकळ्यांच्या बुडाशी काळसर दाणेदार विष्ठा दिसली की अळी आत आहे. ते फूल खुडून साबणाच्या पाण्यात टाका. तसंच राहू दिलं तर तुम्ही घरीच पतंग पाळताय.

गच्चीवरचा माळी
मांडणी सांगतो. वांगी कुंड्यांत हलवा, १४-१६ इंची पुरेल. टोमॅटो-वांगी एकाच कुळातली, मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी (मातीतले बारीक जंत) दोघांनाही लागतात. वाफा १५-२० सेंमी उंच करा, नाहीतर परतीच्या पावसात काळ्या मातीत पाणी साचून मुळं कुजतील. वाफसा (ओल आहे पण माती चिकटत नाही, अशी स्थिती) आल्याशिवाय खुरपं लावू नका, ढेकळं फुटता फुटत नाहीत.

उत्तरेच्या कडेपासून ३० सेंमीवर टोमॅटोची ओळ, ४५ सेंमी अंतराने ६ रोपं. त्यापुढे ४५ सेंमीवर झेंडूची चार-पाच रोपं. मग ५५ सेंमी सोडून कोबीच्या दोन ओळी, ओळींत आणि रोपांतही ४५ सेंमी अंतर. दक्षिणेच्या कडेला कोबीच्या किडीसाठी सापळा म्हणून मोहरी. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून येतं, म्हणून उंच झाडं उत्तरेला. मोहरी मात्र कळीवर आली की छाटा, नाहीतर तीच कोबीवर सावली धरेल.

मोहरी दोनदा पेरायची: कोबी लावायच्या १५ दिवस आधी आणि लावल्यावर २५ दिवसांनी. कोबी खाणाऱ्या अळीचा चौकोनी ठिपक्यांचा पतंग मोहरी निवडतो, मावाही तिथेच जमतो. मोहरीवर लिटरला ५ मिली निंबोळी तेल आणि थोडा साबण घालून संध्याकाळी फवारा. फारच भरली तर उपटून काढा.

बडीशेप वेगळ्या कुंडीत. शेजारच्या झाडांची वाढ खुंटवते म्हणतात, त्या वादात शिरायचं कशाला. कोथिंबिरीची चार-पाच झाडं मात्र फुलू द्या. त्या फुलांवर येणाऱ्या माश्यांच्या अळ्या मावा खातात.

राजेंद्रनगरची परसबाग
धन्यवाद. सूत्रकृमींवर हाच झेंडू चालेल का? आणि पानं आकसतात त्यावर लसूण?

काळी माती
पाच झाडांनी मातीतले सूत्रकृमी हटत नाहीत. त्यासाठी पूर्ण वाफ्यात दाट झेंडू लावून दोन महिने वाढवावा लागतो, मग मुळांसकट मातीत गाडायचा. तिथे बुटका जाफरी चांगला. टोमॅटो त्यानंतर.

पानं आकसणं म्हणजे बहुधा पांढऱ्या माशीने आणलेला विषाणू. त्याला लसणाचा भरवसा नको. रोपं ट्रेमध्ये असल्यापासूनच बारीक जाळीखाली ठेवा आणि वाफ्यात झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर दोन पिवळे चिकट सापळे टांगा. आकसलेलं झाड दिसलं तर उपटून पिशवीत बंद करा, कंपोस्टच्या खड्ड्यात टाकू नका. तिथून माशी पुन्हा उडते.