मुग्धबलाकाच्या चोचीतली फट नेमकी कशासाठी?

पाणकणीस: भातखाचरात उतरलेल्या मुग्धबलाकांच्या (करकोच्यांचा एक प्रकार) थव्यात बहुतेकांच्या चोचीत मधोमध फट आहे, पण दोन-तीन पक्ष्यांच्या चोची पूर्ण मिटलेल्या. ही जात वेगळी का? आणि त्या फटीत गोगलगाय धरून अडकित्त्यासारखी फोडतात म्हणे. मग बांधावर रिकामे शंख धडके कसे?

तळ्याकाठचा: जात एकच, शास्त्रीय नाव अनास्टोमस ऑसिटान्स. मिटलेल्या चोचीची ती पिल्लं. फट जन्मतः नसते, वय वाढेल तशी पडत जाते. पिसांवर तपकिरी झाक दिसली की खात्री करा. गंमत म्हणजे फट नसलेली ही पिल्लंही गोगलगायी खातातच. अडकित्त्याची कल्पना तिथेच डळमळते.

शंखशिंपले: ती कल्पना ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ ज्युलियन हक्सली यांनी उचलून धरली होती, संग्रहालयातले नमुने पाहून. चोचीच्या खरबरीत कडा त्यांना झिजलेल्या वाटल्या. पण त्या झिजेमुळे खरबरीत नसून निसरडा शंख धरायला उपयोगी पडत असाव्यात.

प्रत्यक्षात असं होतं: चोच किंचित उघडी ठेवून पक्षी उथळ पाण्यात भराभर टोचे मारतो. गोगलगाय लागली की वरच्या चोचीने शंख चिखलात दाबून धरतो. खालच्या चोचीचं टोक अणकुचीदार, बहुधा उजवीकडे वळलेलं. ते शंखाच्या तोंडावरच्या झाकणाखाली घालून शंखाला धरून ठेवणारा स्नायू कापतो, आणि मांस बाहेर ओढतो. शंख धडका राहतो तो यामुळे. हे सगळं बऱ्याचदा पाण्याखाली उरकतं, म्हणून वरून पाहणाऱ्याला फोडल्याचा भास होतो. लहान गोगलगायी मात्र चिरडतो किंवा अख्ख्या गिळतो. फटीमुळे टोकं जास्त कोनातून शंखावर आदळतात आणि जोर वाढतो, असं एक स्पष्टीकरण आहे. मला ते पटतं.

पाणकणीस: खाचर आटलं की कुठे जातात? आणि काही पांढरेशुभ्र, काही राखाडी का?

तळ्याकाठचा: विणीच्या काळात पांढरे, एरवी पाठ धुरकट. विणीचा काळ उत्तरेत साधारण जुलै ते सप्टेंबर, दक्षिणेत नोव्हेंबर ते मार्च. पाण्यामागे लांबवर हिंडतात: भरतपूरला पायात ओळखीची कडी घातलेलं पिल्लू ८०० किमी पूर्वेला सापडलं होतं. शिवाय खायला बेडूक, पाणसाप, मोठे किडेही चालतात.

शंखशिंपले: फक्त एक, उडताना याला पांढरा करकोचा समजू नका. त्याची चोच लाल, याची मळकट.