जुनी डिझेल पिकअप: दोनपैकी कोणती घ्यावी?

प्रश्न

सेकंडहँड पिकअप घ्यायची आहे. आठवड्यातून चार-पाच दिवस साधारण एक टन माल, निम्मा रस्ता कच्चा. दोन गाड्या पाहून ठेवल्यात. पहिली 6 वर्षांची, मीटरवर 80 हजार किमी, नुकताच रंग दिलाय, सर्व्हिसचे कागद नाहीत. दुसरी 9 वर्षांची, 1 लाख 60 हजार किमी, एकाच मालकाची, सगळी बिलं आहेत, पण दिसायला मळकट. मन पहिलीकडे ओढतंय. इंजिन कसं तपासायचं तेवढं सांगा.

उत्तर: चासी_आधी

इंजिनाचं नंतर बघू. इंजिन उतरवून पुन्हा बांधता येतं, चासी (गाडीचा खालचा लोखंडी सांगाडा) सडली की गाडी संपली.

टॉर्च आणि छोटी हातोडी घेऊन गाडीखाली शिरा. मागच्या पाट्यांचे (पट्ट्यांच्या स्प्रिंगांचे) हँगर, क्रॉस मेंबरचे (चासीच्या आडव्या पट्ट्यांचे) जोड आणि केबिन संपून हौदा सुरू होतो तिथला भाग, या तीन जागी हलके ठोके मारा. शाबूत पत्रा टणटण वाजतो, सडलेला बद्द. बंद पेटीसारख्या चासीत भोकांतून चिखल आत जाऊन बसतो, ओल धरतो आणि गंज आतून खात येतो. वरून रंग झकास दिसतो, म्हणून डोळ्यांवर भरवसा नको. वेल्डिंगने चढवलेली पट्टी किंवा फक्त खालून मारलेला ताजा काळा थर दिसला तर तो कशासाठी, हे विचाराच.

मग पाटे. रिकाम्या गाडीच्या पाट्यांना बहुतेक वेळा थोडी कमान असते. सपाट झाले असतील तर थकलेत. दोन्ही बाजूंची पानं मोजा आणि कंपनीच्या आकड्याशी ताडून बघा. जादा पान घातलंय म्हणजे गाडीने क्षमतेबाहेर माल ओढलाय, आणि तो भार अॅक्सल, बेअरिंग, ब्रेक सगळ्यांनी सोसलाय. केबिन आणि हौदा यांमधली फट वर-खाली, डावी-उजवीकडे सारखी हवी. नसेल तर चासी वाकलेली असू शकते. हौद्यातली मॅट उचलून तळही बघा.

उत्तर: गरम_स्टार्ट

वरचं सगळं मान्य. आता इंजिन.

गाडी थंड असतानाच बघायला जा. बॉनेट आधीच गरम लागलं तर परत या. स्टार्टिंगची अडचण लपवायला गाडी आधीच तापवून ठेवतात. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा धूर आणि कच्च्या डिझेलचा वास दोन-तीन मिनिटांत गेला तर बहुधा ग्लो प्लग (थंड इंजिन तापवणारे), राहिला तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशन.

आयडलवर ऑइलचं झाकण उघडून तिथेच उलटं ठेवा. थोडं थरथरलं तर चालेल. उडून पडलं किंवा सारखा धूर येत राहिला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात. मात्र ब्रीदरचा (इंजिनातली वाफ-हवा बाहेर सोडणारा) पाइप तुंबला असेल तरी असंच होतं, तो आधी बघून घ्या.

कॉमनरेल इंजिन (सगळ्या इंजेक्टरना एकाच जास्त दाबाच्या नळीतून, म्हणजे रेलमधून, डिझेल मिळतं ते) असेल तर खरी परीक्षा गरम इंजिनाची. वीसेक मिनिटं चालवा, बंद करा, दहा मिनिटांनी पुन्हा स्टार्ट मारा. सेल्फ लांबला तर इंजेक्टर रिटर्नमध्ये (टाकीकडे परत जाणाऱ्या पाइपात) जास्त डिझेल सोडत असतील किंवा पंप थकला असेल, त्यामुळे रेलमध्ये दाब बनत नाही. मेकॅनिककडून रिटर्नची चाचणी करून घ्या: प्रत्येक इंजेक्टरच्या रिटर्न पाइपला सारखी बाटली लावून इंजिन आयडलवर ठेवायचं. जी बाटली इतरांच्या मानाने खूप भरली, तो इंजेक्टर गेला.

क्लचसाठी: हँडब्रेक ओढा, तिसरा गिअर, क्लच हळूहळू सोडा. इंजिन बंद पडायला हवं. चालूच राहिलं तर प्लेट घसरतेय.

प्रश्नकर्ता

मीटर फिरवलाय का, हे कळतं का?

उत्तर: चासी_आधी

खात्रीने नाही, पण खुणा सापडतात. क्लच पेडलचं रबर गुळगुळीत, सीटची दाराकडची कड फाटलेली आणि मीटरवर 80 हजार, हे जुळत नाही. टायरचं वय मीटरशी जुळतं का बघायला त्यांवरच्या तारखेचे चार आकडे वाचा: 2321 म्हणजे 2021 सालचा 23वा आठवडा.

चालवताना पुढे-मागे गिअर बदलल्यावर खालून ‘खट्’ आला तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) क्रॉस किंवा सेंटर बेअरिंग; ही कामं किरकोळ आहेत. अॅक्सिलरेटरवरून पाय उचलल्यावर मागून रडल्यासारखा आवाज येत असेल तर डिफरन्शियल, ते महागात पडतं.

तुमच्या कामाला मी दुसरी घेईन, चासी शाबूत निघाली तरच. बिलांमध्ये टायमिंग बेल्ट बदलल्याची नोंद शोधा. नसेल आणि इंजिन बेल्टचं असेल, तर माल भरण्याआधी बेल्ट, टेन्शनर, वॉटर पंप एकदमच बदला. बेल्ट तुटला तर बहुतेक डिझेल इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतो.