सांख्य देव मानत नाही, तरी आस्तिक कसं?

षड्दर्शनं (भारतीय तत्त्वज्ञानाच्या सहा शाखा) वाचायला घेतलीत आणि सुरुवातीलाच अडकलोय, सांख्यात ईश्वर नाहीच, नुसते पुरुष (चैतन्य) आणि प्रकृती (जड सृष्टीचं मूळ), मग ते आस्तिकांत कसं काय??

> इथे आस्तिक म्हणजे देव मानणारा नव्हे रे, वेदांचं प्रामाण्य मानणारा. म्हणून सहांतलं मीमांसा दर्शनही आस्तिक, आणि चार्वाक, बौद्ध, जैन नास्तिक.

> माझं ऐकशील तर आधी प्रमाणं, म्हणजे ज्ञान मिळवायची साधनं, बघ, खरी मजा तिथे आहे. डोंगरावर धूर दिसतोय म्हणजे आग असणार, हे नैयायिकांचं (न्याय दर्शनवाल्यांचं) अनुमानाचं ठरलेलं उदाहरण. चार्वाक म्हणणार, धूर दिसला, पण आग कुणी पाहिली? अनुमानच मोडीत! न्याय ४ प्रमाणं मानतो, वैशेषिक २च, तरी दोघांची जोडी.

> अच्छा, म्हणजे योग दर्शनात ईश्वर आहे, पण ते दर्शन आस्तिक त्यामुळे नाही. डोकं गरगरलं राव, पण कळलं.