हिवाळी कॅम्प: हॉट टेंट घ्यायचा की नाही?

प्रेषक: सहल समिती

नमस्कार मंडळी,

या हिवाळ्यात बर्फात दोन रात्रींचा कॅम्प करायचा, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. घोडं अडलंय तंबूपाशी. समितीतल्या दोघांचं म्हणणं, आत लाकडाचा स्टोव्ह लावता येतो असा कॅनव्हासचा मोठा तंबू, म्हणजेच हॉट टेंट, भाड्याने घ्यावा. बाकीच्यांच्या मते तो नुसता खर्च आणि ओझं. ज्यांनी हे केलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं. ‘भारी असतं, या!’ एवढ्यावर भागवू नये.

– समितीतली धाकटी

———

प्रेषक: स्कीवाला दादा

माझं मत विरोधात, आणि ते आधीच सांगून टाकतो.

स्टोव्ह पेटता आहे तोवर तंबू गरम. छोट्या स्टोव्हमध्ये एकदा लाकूड भरलं की दीड तास, फार तर दोन. नंतर कोणी उठून भरलं नाही की निखारे, आणि मग राख. कापडाच्या भिंती उष्णता धरून ठेवत नाहीत, त्यामुळे थोड्याच वेळात आत-बाहेर सारखंच. म्हणजे बाहेरच्या थंडीला पुरेल अशी स्लीपिंग बॅग तुम्हाला न्यावीच लागणार. ती नेलीच आहे, तर स्टोव्ह कशाला?

दुसरं म्हणजे लाकूड. हिवाळ्यात उजेडाचे तास आधीच मोजके. ते करवत चालवण्यात आणि ढलप्या काढण्यात घालवायचे? आपण स्की करायला चाललोय की लाकूडतोड्याच्या नोकरीला?

———

प्रेषक: काका (सगळे म्हणताच, तर तेच)

दादा, बॅगेबद्दल तू म्हणतोस ते शंभर टक्के बरोबर. स्टोव्ह आहे म्हणून हलकी बॅग घेऊन जाणारा माणूस पहाटे कुडकुडणार, हे ठरलेलं. पण स्टोव्ह झोपेसाठी नसतोच मुळी. तो संध्याकाळसाठी असतो, आणि सुकवण्यासाठी.

साध्या तंबूत काय होतं ते बघ. पाच वाजता अंधार. सहाला जेवण उरकलं की बाहेर उभं राहवत नाही, म्हणून सगळे आपापल्या बॅगेत. तिथून उजाडेपर्यंत बारा-तेरा तास पाठीवर पडून राहायचं. रात्रभर श्वासातली वाफ कापडाच्या आतल्या बाजूला दवासारखी गोठते, आणि सकाळी कोणी हललं की तोंडावर पडते. अंगाची वाफ बॅगेतल्या पिसांत मुरते ती वेगळीच. पहिल्या रात्री जाणवत नाही. दुसऱ्या रात्री बॅग जड लागते आणि ऊब कमी. बुटांचे आतले अस्तर ओले असतील तर ते पोटाशी घेऊन झोपायचं, नाहीतर सकाळी त्यांचा दगड झालेला.

हॉट टेंटमध्ये आढ्याखाली एक दोरी बांधतात. हातमोजे, टोप्या, बुटांचे अस्तर सगळं तिच्यावर लटकतं. वरची हवा सर्वांत गरम, त्यामुळे दोनेक तासांत बहुतेक कोरडं होतं. (हीच गोष्ट उलटीही बघावी: डोकं घामेजतं तेव्हा पाय बर्फापाशी गारच असतात. खाली जाड मॅट लागतेच. दोन मॅट एकावर एक टाकल्या तर त्यांचे आर-व्हॅल्यू, म्हणजे थंडी अडवण्याचे आकडे, सरळ बेरजेने वाढतात. हिवाळ्यात पाचच्या वर असलेलं बरं.)

कोणी म्हणेल, मग गॅसचा हीटर का नको? तो धूर बाहेर टाकणारा नसेल तर नकोच. एक किलो प्रोपेन जळलं की साधारण 1.6 किलो पाणी तयार होतं, आणि ते वाफ होऊन तंबूतच फिरतं. लाकडाच्या स्टोव्हची वाफ धुराबरोबर चिमणीतून बाहेर. म्हणूनच ती ऊब कोरडी असते.

आणि पाणी! बर्फ वितळवून पिण्याचं पाणी करायला किती जळण लागतं याचा अंदाज नवख्यांना नसतो. शून्य अंशावरचा एक किलो बर्फ नुसता वितळवायला 334 किलोज्यूल, आणि ते पाणी उकळीला न्यायला आणखी सुमारे 420. छोट्या सिलिंडरमधलं ब्युटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायला नकार देतं, त्यामुळे कडाक्यात ते शेगडीवर ढिम्म. स्टोव्हच्या डोक्यावर मोठं पातेलं ठेवलं की संध्याकाळभर ते काम बिनबोभाट चालू.

ही काही नवी फॅशनही नाही. अमेरिकन सैन्याच्या शंकूच्या आकाराच्या सिब्ली तंबूचं पेटंट 1856 चं, आणि त्याच्या जोडीला शंकूच्याच आकाराचा स्टोव्ह होता. कॅनडाच्या उत्तरेकडचे क्री आणि इनू लोक कॅनव्हासचा तंबू आणि पत्र्याचा स्टोव्ह घसरगाडीवर टाकून हिवाळाभर शिकारीला फिरत आले.

आता ओझ्याचं. इथे मी तुझ्या बाजूचा. कॅनव्हासचा तंबू पाठीवर नेता येत नाही, घसरगाडीच लागते. परतताना तर तो आणखी जड, कारण ओलसर कॅनव्हास गोठला की घडी घालणं म्हणजे प्लायवूड दुमडण्यासारखं. सिलनायलॉनचा (सिलिकॉनचा थर दिलेल्या पातळ नायलॉनचा) तंबू आणि टायटेनियमचा स्टोव्ह मिळून बरेच हलके, पण नायलॉनवर ठिणगी पडली की भोक. रोज मुक्काम हलवायचा असेल तर हॉट टेंटच्या नादी लागू नये. बर्फ तुडवून घट्ट करा, तो बसायला थांबा, तंबू लावा, स्टोव्हखाली ओली ओंडकी टाका म्हणजे तो बर्फात खचणार नाही, चिमणी जोडा, लाकूड गोळा करा. एवढ्यात संध्याकाळ संपली. पण एकाच जागी दोन रात्री आणि सहा-आठ माणसं असतील, तर माझ्या मते हॉट टेंटला तोड नाही.

———

प्रेषक: बालवर्गाची ताई

काका, मुलं येणार म्हणून विचारते. बंद कापडात आग, आणि कार्बन मोनॉक्साइडचं काय? तुमच्या एवढ्या लांब मेलमध्ये त्याचा एक शब्द नाही.

———

प्रेषक: रुग्णालयातली मावशी

ताईच्या प्रश्नाला मी उत्तर देते, कारण हा माझा विषय.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. आधी डोकं दुखतं, मळमळतं, थकल्यासारखं वाटतं. दिवसभर बर्फात चालल्यावर तसंही असंच वाटत असतं, म्हणून कोणाला शंका येत नाही. तंबूत एकाच वेळी दोघांचं डोकं दुखायला लागलं तर चर्चा करत बसू नये. सगळ्यांनी बाहेर यावं.

लोकांना वाटतं की ज्वाळा मोठी असते तेव्हा धोका जास्त. उलट आहे. आग भडकलेली असते तेव्हा चिमणी गरम असते आणि धूर जोरात वर ओढला जातो. रात्री निखारे धुमसत राहतात, चिमणी गार पडते, ओढ कमी होते, आणि नेमक्या त्याच वेळी मोनॉक्साइड जास्त बनतो. त्यात कोणी लाकूड जास्त वेळ पुरावं म्हणून डँपर (चिमणीची ओढ कमी-जास्त करणारी झडप) पूर्ण बंद केला, वर तंबूच्या कडेने बर्फ लोटून फटी बुजवल्या, की झालं. खालून हवा आत येईल अशी एक वाट आणि वर एक झरोका, दोन्ही रात्रभर उघडे हवेत. त्याने ऊब जाते. जाऊ द्यावी.

अलार्म न्यावाच, झोपलेल्यांच्या डोक्याच्या उंचीला, स्टोव्हपासून लांब. पण घरगुती अलार्म 70 पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत 70 भाग) तासाभराने किंवा त्याहून उशिरा वाजतो. 400 ला काही मिनिटांत. शिवाय बऱ्याच अलार्मची हमी सुमारे 4 अंश सेल्सियसच्या वरच असते. थंडीत बॅटरीही दगा देते, म्हणून लिथियमची घालावी. अलार्म आहे म्हणून झरोका बंद करणं हा मूर्खपणा.

मुलांना स्टोव्हच्या बाजूला झोपवू नये. स्टोव्ह दाराच्या वाटेत नसावा. फिनलंडच्या सैन्यात तंबूत स्टोव्ह पेटता असला की एक जण जागा राहतो, आळीपाळीने. मला ती पद्धत पटते. कोणी जागं राहणार नसेल तर झोपताना आग पूर्ण विझू द्यावी आणि बॅगेत शिरावं.

———

प्रेषक: स्कीवाला दादा

मावशी, धन्यवाद. काका, सुकवण्याचा मुद्दा मान्य. एकाच जागी राहणार असू तर माझा विरोध मागे.

पण लाकूड कुठून आणणार, ते कोणीच बोललं नाही. ‘जंगलात मिळेल’ यावर विसंबू नये. बऱ्याच संरक्षित जंगलांत पडलेलं लाकूडही उचलायला मनाई असते. लांबून गाडीत घालून न्यावं तर त्याबरोबर झाडं पोखरणारे किडे जातात, म्हणून तेही अनेक ठिकाणी चालत नाही. ओलं लाकूड जळतं कमी आणि फुसफुसतं जास्त. चिमणीत काजळी आणि डांबर साचतं, तोंडाची ठिणगीजाळी तुंबते, आणि मग धूर आत. म्हणजे मावशींचा सगळा मेल परत वाचायचा. कॅम्पच्या जवळच भट्टीत वाळवलेलं लाकूड विकत मिळतंय का ते आधी बघा. नसेल तर तंबूचं बुकिंग करू नका.

आणि स्टोव्ह नवा असेल तर पहिल्यांदा उघड्यावर पेटवा. नव्या पत्र्यावरचं तेल आणि रंग जळताना जो वास सुटतो तो तंबूत नको.

———

प्रेषक: सहल समिती

मंडळी, ठरलं ते असं.

मुक्काम हलवायचा नाही, दोन्ही रात्री एकाच जागी. कॅनव्हासचा एक मोठा तंबू बसायला, सुकवायला आणि पाणी करायला. बाहेरच्या थंडीला पुरेल अशी बॅग आणि दोन मॅट प्रत्येकाने आणायच्या. नसतील तर आधी कळवावं, बॅगेशिवाय कोणालाही नेणार नाही. मुलं असलेली कुटुंबं रात्री जवळच्या केबिनमध्ये झोपतील. लाकडाची चौकशी दादा करतील, कारण मुद्दा त्यांनीच काढला. त्यांचा होकार आला की मगच तंबूचे पैसे भरू.

मोठ्या तंबूत झोपणाऱ्यांनी जागं राहण्याच्या पाळीसाठी नाव द्यावं. पाळ्या दोन-दोन तासांच्या. दहा ते बारा काकांनी घेतली आहे, चार ते सहा मावशींनी. मधल्या दोन रिकाम्या आहेत. त्या भरल्या नाहीत तर झोपताना आग विझवायची, यावर मावशींशी वाद घालू नये.

– समितीतली धाकटी