स्नॅपशॉट घ्यायचा की प्रॉडक्शनचा डेटाच कॉपी करायचा?

नवखा_टेस्टर:
एसक्यूएल सर्व्हर २०१९, प्रॉडक्शन (खऱ्या ग्राहकांचा, चालू) डेटाबेस साधारण ४०० जीबीचा. टेस्टिंगला खऱ्यासारखा डेटा हवाय. सर म्हणतात स्नॅपशॉट (डेटाबेसचं त्या क्षणाचं चित्र) घ्या, चुटकीसरशी होतं, जागाही खात नाही. डीबीए (डेटाबेस सांभाळणारा) म्हणतोय बॅकअप रिस्टोअर करून (त्यावरून पूर्ण प्रत उभी करून) देतो, पण आधी डिस्क आणा. दोघंही ठाम, आम्ही मधल्यामध्ये लटकलोय. ऐकायचं कोणाचं?

रात्रपाळी:
डीबीएचं. स्नॅपशॉट रीड-ओन्ली असतो हो, एक इन्सर्ट (नवी नोंद) पण होणार नाही त्यात, मग टेस्ट काय डोंबल करणार? शिवाय तो मूळ डेटाबेसच्याच इन्स्टन्सवर (सर्व्हरच्या त्याच चालू प्रतीवर) राहतो, दुसऱ्या सर्व्हरवर नेता येत नाही. चुटकीसरशी होतो कारण सुरुवातीला ती जवळपास रिकामी स्पार्स फाइल (लिहिलं तेवढीच जागा घेणारी) असते, मूळ डेटाबेसमधलं ८ केबीचं पेज (डेटा साठवायचा तुकडा) पहिल्यांदा बदलायच्या आधी जुनं पेज तिच्यात लिहिलं जातं, आणि जी पेजेस बदललीच नाहीत ती वाचायला मूळ फाइललाच हात घालावा लागतो, म्हणजे तुम्ही इकडे जड क्वेरी मारणार आणि तिकडे चालू ग्राहक ताटकळणार. "जागा खात नाही" हे पहिल्या दिवसापुरतं. एखादा मोठा इंडेक्स (डेटा पटकन शोधायची सूची) रीबिल्ड होऊ दे, मग बघा कशी फुगते ती.

क्वेरीवाली:
सहमत, पण स्नॅपशॉटला अगदीच मोडीत काढू नका. डिप्लॉयमेंटच्या (नवे बदल प्रॉडक्शनवर चढवायच्या) आधी घेऊन ठेवायला झकास आहे (२०१६ च्या सर्व्हिस पॅक १ पासून स्टँडर्ड एडिशनमध्येही मिळतो). स्क्रिप्ट फसली की रिव्हर्ट (डेटाबेस स्नॅपशॉटच्या क्षणाला परत न्यायचा), ४०० जीबी रिस्टोअर होईपर्यंत बसायला नको. फक्त रिव्हर्टच्या वेळी तो एकच स्नॅपशॉट असला पाहिजे, बाकीचे आधी ड्रॉप करा, आणि लॉग चेन (बदलांची नोंद ठेवणाऱ्या लॉगच्या बॅकअपची साखळी) तुटते म्हणून नंतर लगेच फुल बॅकअप घ्या, हे हमखास राहून जातं. काही जण तर स्नॅपशॉटलाच बॅकअप समजतात! मूळ फाइल गेली की त्याचाही निकाल लागला.

नवखा_टेस्टर:
सर आता म्हणतायत स्टोरेजवाल्यांच्या स्नॅपशॉटवर लिहितापण येतं??

रात्रपाळी:
ती वेगळी भानगड. तो स्नॅपशॉट एसक्यूएल सर्व्हर नाही, डिस्कची स्टोरेज यंत्रणा घेते. त्याचा क्लोन (प्रत) काढून दुसऱ्या सर्व्हरला जोडता येतो, त्यात लिहिता येतं, जागाही वाचते. फक्त डेटा आणि लॉगच्या फाइल्स एकाच क्षणाच्या हव्यात, नाहीतर डेटाबेस वर येईलच असं नाही. पण क्लोन काय नि रिस्टोअर काय, लोकांची नावं, मोबाईल, पत्ते जसेच्या तसे तुमच्या हातात येणार, त्याचं काय? आधी मास्किंग (खऱ्या माहितीच्या जागी खोटी), मग ॲक्सेस. आणि एका मोबाईलला सगळ्या टेबलांत एकच खोटा नंबर द्या, नाहीतर जॉइन (टेबलं एकमेकांशी जोडणं) गंडतात. ईमेल पाठवणारे जॉब्ज पण बंद करा, नाहीतर टेस्टची बिलं खऱ्या ग्राहकांना पोचतील.

क्वेरीवाली:
आणि रिस्टोअरसाठी वेगळा फुल बॅकअप काढणार असाल तर कॉपी-ओन्ली (नेहमीच्या बॅकअपच्या क्रमात ढवळाढवळ न करणारा) घ्यायला सांगा डीबीएला, नाहीतर प्रॉडक्शनचे पुढचे डिफरन्शियल (फुल बॅकअपनंतरचे बदल तेवढेच घेणारे बॅकअप) त्यावर बेतले जातील.