अत्याचारातून सावरलेल्यांसाठी अभिमानाचे चिन्ह कोणते असावे?

गोदाकाठची (नाशिक):
नमस्कार. आम्ही काही जणी महिन्यातून एकदा गंगापूर रोडवरच्या एका मैत्रिणीच्या घरी जमतो. आमच्यापैकी प्रत्येकीने लहानपणी किंवा तरुणपणी लैंगिक अत्याचार सोसला आहे आणि बहुतेकींच्या बाबतीत तो करणारा माणूस घरातला किंवा ओळखीचाच होता. आता आम्हांला स्वतःसाठी एक चिन्ह हवे आहे. वर्तमानपत्रांत अशा बातमीशेजारी गुडघ्यांत तोंड खुपसून बसलेल्या मुलीचे काळेकुट्ट चित्र छापतात. ते पाहिले की लाज तिनेच बाळगायची असे ठरल्यासारखे वाटते, म्हणून आमचे चिन्ह ताठ मानेचे असावे, असा आमचा आग्रह आहे. अडचण अशी की काही जणींना ते उघडपणे अंगावर वागवायचे आहे, तर काहींच्या सासरी यातले कोणालाच ठाऊक नाही. इतरत्र काय वापरतात आणि आपल्याकडे काय शोभेल, हे कृपया सांगावे.

वाचनवेडा:
ताई, अमेरिकेत मोरपंखी रंगाची फीत हे याचे सर्वांत परिचित चिन्ह आहे. तिथे 2001 पासून एप्रिल महिना लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या जागृतीसाठी देशभर पाळला जातो आणि त्या काळात ही फीत लावतात. जीन्सचीही एक कथा आहे. इटलीतल्या सर्वोच्च न्यायालयाने, मुलीची जीन्स इतकी घट्ट होती की तिच्या मदतीशिवाय ती काढता आली नसती, असे म्हणून बलात्काराची शिक्षा रद्द केली. निकाल 1999 मध्ये उजेडात येताच तिथल्या महिला खासदार निषेध म्हणून जीन्स घालून संसदेत आल्या आणि त्यातूनच दर एप्रिलमध्ये पाळला जाणारा ‘डेनिम डे’ सुरू झाला.

मला स्वतःला मात्र 1990 मध्ये मॅसॅच्युसेट्समधल्या हायॅनिस गावी सुरू झालेला ‘क्लोथ्सलाइन प्रोजेक्ट’ अधिक जवळचा वाटतो. त्यात अत्याचार सोसलेली बाई एका सदऱ्यावर आपल्या मनातले लिहिते, रंगवते आणि तो इतरांच्या सदऱ्यांशेजारी दोरीवर टांगते. रंगांनाही अर्थ दिलेले आहेत: लाल, गुलाबी आणि नारिंगी हे बलात्कार व लैंगिक हल्ला सोसलेल्यांसाठी, निळा आणि हिरवा बालपणी अत्याचार सोसलेल्यांसाठी, तर पांढरा हिंसेत जीव गेलेल्यांसाठी. तिथे चिन्ह कोणी तयार करून हाती देत नाही, ते जिचे तीच घडवते.

सुईदोरा:
मी पंचवटीत राहते आणि गोधड्या शिवते. बाल्टिमोरमधल्या एका गटाने लाल कापडाच्या तुकड्यांवर अत्याचार सोसलेल्यांचे अनुभव लिहून व शिवून घेतले आणि 2019 मध्ये ती ‘मॉन्युमेंट क्विल्ट’ वॉशिंग्टनच्या नॅशनल मॉल या मोकळ्या मैदानावर अंथरली. मला वाटते, आपल्याकडे यासाठी गोधडीच योग्य आहे. जुन्या सुती साड्या, अस्तर आणि धावदोरा एवढेच साहित्य लागते, शिवाय घरात गोधडी शिवत बसलेल्या बाईला हे कशासाठी, असे कोणीही विचारत नाही. जिच्या घरी ठाऊक नाही, ती आपला तुकडा सर्वांच्या डोळ्यांसमोर शिवू शकेल. त्यावर शब्द हवेतच असे नाही. एखादी नक्षी, एखादा रंग, जो तिला कळतो आणि तिने सांगितला तर इतरांना कळतो, तेवढे पुरे. जिला अंगावर काही वागवायचे आहे, तिने त्याच कापडाची पट्टी पिशवीला किंवा ओढणीच्या काठाला लावावी.

पाऊलवाट:
मी स्वतः यातून गेलेली आहे, म्हणून दोन गोष्टी सांगते. त्या काळातला, त्या घरातला कपडा कोणीही आग्रहाने आणायला लावू नये. एखाद्या कापडाच्या स्पर्शाने किंवा वासाने सगळे पुन्हा समोर उभे राहू शकते, म्हणून सोबत समुपदेशक असेल तर उत्तम. रात्री-अपरात्री मन सैरभैर झाले तर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीच्या 14416 या मोफत क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते. दुसरे असे की अभिमान ही सक्ती होऊ नये. जी आज फक्त रडते किंवा गप्प बसते, तिचेही बरे होणे चालूच असते. ‘तू अजून चिन्ह का लावत नाहीस?’ हा प्रश्न तुमच्या गटात कधीही विचारला जाऊ नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

अ‍ॅड. काकू:
गोधडीचे छायाचित्र समाजमाध्यमांवर टाकण्यापूर्वी थांबावे. हस्ताक्षर, गल्लीचे नाव, घरच्यांनी पाहिलेली साडी, एवढ्यावरूनही ओळख पटते. भारतीय न्याय संहितेच्या कलम 72 नुसार बलात्कार सोसलेल्या व्यक्तीची ओळख उघड होईल असे काही छापणे वा प्रसिद्ध करणे हा दोन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा गुन्हा आहे. सज्ञान व्यक्तीने स्वतः लेखी संमती दिल्यास ते चालते, मात्र ती संमती तिचीच हवी. गटाने बहुमताने ठरवून ती देता येत नाही. एखादी सभासद अठरा वर्षांखालील असेल तर पोक्सो कायद्याचे कलम 23 लागू होते, तेव्हा तिचे काहीही बाहेर जाऊ देऊ नये.

गोदाकाठची (नाशिक):
सर्वांचे मनापासून आभार. आम्ही गोधडी शिवायचे ठरवले आहे, अस्तर मोरपंखी असेल आणि तुकडा प्रत्येकीने आपल्याच पसंतीचा आणायचा आहे. छायाचित्र काढायचे नाही, हेही सर्वांच्या संमतीने ठरले. मोठा तुकडा शिवायचा की लहान, किंवा शिवायचाच नाही, हे जिचे तिने ठरवायचे. सुईदोरा ताई, अस्तर आधी धुऊन घ्यावे लागते का आणि टाके घालताना तुकडे सरकू नयेत म्हणून काय करावे, एवढे सांगाल का?